दरबारी पोशाख : नाटकातला आणि इतिहासातला



गेल्या स्नेहसंमेलनात आमच्या विद्यार्थ्यांनी सादर केलेला विजापूरच्या दरबाराचा ऐतिहासिक प्रवेश आपल्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिला असेल. सुलतान इब्राहीम आदिलशहा दुसरा याच्या दरबारातील नवरस उत्सव, असा त्याचा विषय होता. या प्रवेशाच्या कपडेपटाची आणि नेपथ्याची जबाबदारी माझ्यावर टाकण्यात आली. कारण एवढेच, की मी इतिहास शिकवतो. इतिहास शिकवणाऱ्या माणसाला तलवार कोणी कोणावर उगारली हे सांगता येते. पण उगारणाऱ्याच्या अंगात काय होते, ते पुढून उघडत होते की बाजूने, हे विचारले तर तो गप्प बसतो. माझेही तसेच झाले. ती गप्प बसण्याची वेळ पुन्हा येऊ नये म्हणून जे वाचले, पाहिले आणि शिवून घेतले, ते आपल्यापुढे ठेवतो.

सुरुवात जिल्ह्याच्या गावी असलेल्या ड्रेपरीच्या दुकानापासून झाली. दुकानदार अगत्यशील. चहा मागवून त्याने वही उघडली आणि विचारले, “ऐतिहासिक आहे ना? सांगा गुरुजी, किती मावळे, किती खान?” मी म्हणालो, “दोन्ही नकोत. विजापूरचा दरबार आहे.” तो म्हणाला, “म्हणजे सगळे खानच की!” आणि त्याने माळ्यावरून एक गाठोडे खाली ओढले. त्यात हिरव्या सॅटिनचे पायघोळ झगे होते, पाठीवर बेगडाचा चंद्र डकवलेले काळे अंगरखे होते, काळ्या गोंड्याच्या लाल तुर्की टोप्या होत्या आणि इलॅस्टिकला बांधलेल्या हातभर लांब दाढ्या होत्या.

ते गाठोडे माझ्या ओळखीचे होते. मी आठवीत असताना ते माझ्या अंगावर चढले होते. आमच्या वर्गाने प्रतापगडाचा प्रवेश बसवला होता आणि अफझलखान कोण होणार हा प्रश्न वर्गात निघालाच नाही. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. कोणाच्या मनात वाईट नव्हते, हे मला तेव्हाही कळत होते. पण झग्याला डांबरगोळ्यांचा वास येत होता, दाढी टोचत होती, आणि मी विंगेतून आत येताच, तोंडातून एक शब्दही बाहेर पडण्यापूर्वी, पुढच्या रांगेतली लहान मुले ओरडू लागली होती. त्यांनी अफझलखान ओळखला नव्हता. त्यांनी झगा ओळखला होता.

म्हणून यंदा ते गाठोडे दुकानदाराला परत दिले आणि ठरवले, की आदिलशाहीत लोक खरोखर काय घालत हे आधी शोधायचे आणि मग कात्रीला हात लावायचा.

हे शोधायला साधन आहे, आणि ते फार सुंदर आहे. इब्राहीम आदिलशहा (कारकीर्द १५८० ते १६२७) हा चित्रांचा आणि संगीताचा वेडा होता. त्याची स्वतःची अनेक समकालीन चित्रे शिल्लक आहेत. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधल्या एका चित्रात तो हातात करताळ घेऊन उभा आहे. प्रागमधल्या एका चित्रात तो तंबूर वाजवत बसला आहे. ते फर्रुख बेग या नामांकित चित्रकाराचे काम मानतात. आता संग्रहालयांनी अशी चित्रे सर्वांना घरबसल्या पाहण्यासाठी खुली केली आहेत. शाळेच्या संगणकावर ती मोठी करून आम्ही मुलांसह एकेक गाठ, एकेक काठ न्याहाळला. इतिहासाचा इतका चांगला तास मी वर्गात कधी घेतला नव्हता.

त्या चित्रांत काय दिसते? अंगात पायघोळ जामा. जामा म्हणजे वरचा भाग छातीशी घट्ट, छातीवर एकावर एक येणाऱ्या दोन पाख्या बगलेपाशी नाड्यांनी बांधलेल्या, आणि कमरेपासून खाली भरपूर चुण्यांचा घेर. कापड बहुधा पांढरे, मलमलीसारखे तलम. इतके, की आतल्या सुरवारीचा रंग बाहेर दिसावा. कमरेला पटका, म्हणजे जरीच्या वेलबुट्टीची लांब शेल्यासारखी पट्टी. तिचे दोन्ही पदर पुढे गुडघ्यापर्यंत सोडलेले. खांद्यावरून आडवी शाल किंवा उपरणे. डोक्याला पागोटे, आणि काही चित्रांत शंकूच्या आकाराची उंच टोपी. रंग म्हणाल तर पांढरा, सोनेरी, गुलाबी आणि दख्खनच्या चित्रकारांचा तो आवडता जांभळट रंग. हिरवा रंगही आहे. पण तो मुख्यतः मागच्या झाडीत आहे.

ज्या लाल तुर्की टोपीवाचून आपल्याकडे नाटकातला मुसलमान उभाच राहत नाही, ती या चित्रांत औषधालाही सापडत नाही. सापडेल कशी? तुर्कस्तानच्या सुलतान महमूद दुसरा याने ती आपल्या सैन्याला आणि अंमलदारांना सक्तीची केली ती १८२० च्या दशकात. हिंदुस्थानात तिची हौस पसरली ती त्यानंतर. ज्या शेरवानीला आपण आज आपला जुना पोशाख म्हणून लग्नात मिरवतो, तीही एकोणिसाव्या शतकातली. इब्राहीमच्या दरबाराला तेव्हा दोनशेहून अधिक वर्षे लोटली होती. ड्रेपरीवाल्याचा ‘खान’ इतिहासातल्या कोणत्याही एका काळात राहत नाही. टोपी इस्तंबूलची, कोट इंग्रजी अमदानीतला आणि झगा कोठलाच नाही.

दाढीचे तेच. अकबर आणि जहांगीर या दोघांच्याही समकालीन चित्रांत दाढी नाही, मिशा आहेत. शिवछत्रपतींच्या चित्रांत दाढी आहे. पण दुकानातल्या दाढ्या मात्र धर्माच्या हिशेबाने वाटल्या जातात.

येथे थोडे थांबून नेपथ्याकडे वळतो, कारण त्यात आमची एक चांगलीच फजिती झाली. चित्रकलेचे शिक्षक आणि दहावीची दोन मुले यांनी चार रात्री जागून मागचा पडदा रंगवला. मांजरपाटाला सरस आणि खडूचा हात देऊन त्यावर भला मोठा घुमट काढला. विजापूर म्हटले की गोलघुमट! काम इतके सुरेख, की मला ते बघून भरून आले. आणि मग आठवले, की गोलघुमट ही इब्राहीमच्या मुलाची, मुहम्मद आदिलशहाची कबर. मुहम्मद गादीवर आला तोच मुळी इब्राहीमच्या मृत्यूनंतर, १६२७ साली. म्हणजे बाप उत्सव साजरा करतो आहे आणि मागे, अजून गादीवरही न आलेल्या मुलाची कबर बांधून तयार! हे मुलांना सांगताना माझी जीभ अडखळली. पण ती दोघे खो खो हसली आणि दुसऱ्या दिवशी घुमटावर चुन्याचा हात फिरला.

आपल्या रंगभूमीवर पडद्यांची ही सवय फार जुनी आहे. विष्णुदास भावे यांनी सांगलीला १८४३ साली ‘सीता स्वयंवर’ केले. अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ पुण्यात १८८० साली रंगभूमीवर आले. पुढे संगीत नाटकांच्या भरभराटीच्या काळात रंगवलेल्या पडद्यांना मोठी प्रतिष्ठा लाभली. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर हे चित्रपटाकडे वळण्यापूर्वी नाटकांचे पडदे रंगवण्यासाठीच नावाजलेले होते. पण मोठ्या मंडळींची कला हौशी मंडळींपर्यंत आली तेव्हा तिचे तीन पडदे झाले : राजवाडा, रस्ता आणि जंगल. राजवाड्याचे गोल खांब आणि झुंबरे दुष्यंतालाही चालतात आणि औरंगजेबालाही. त्यात खर्च वाचतो हे खरे. शाळेच्या हिशेबाच्या वहीपुढे मीही अनेकदा मान तुकवली आहे.

घुमट पुसल्यावर मागे काय काढावे? उत्तर विजापूरच्या किल्ल्यातच मिळाले. (२०१४ पासून या शहराचे अधिकृत नाव विजयपुरा आहे, आपल्या तोंडी विजापूरच बसले आहे.) तेथे गगनमहाल नावाची दरबाराची इमारत आहे. इब्राहीमच्या आधीचा सुलतान, पहिला अली आदिलशहा, याने ती १५६१ च्या सुमारास बांधली. आज छप्पर गेले आहे, पण दर्शनी तीन कमानी उभ्या आहेत. मधली कमान सुमारे साठ फूट रुंद आणि तिच्या दोन्ही अंगांना दोन अरुंद, उंच कमानी. समोर मोकळे मैदान. सुलतान मधल्या कमानीत बसायचा आणि लोक मैदानातून पाहायचे. मुलांनो, हे वर्णन डोळ्यांसमोर आणून पाहा. ही तर रंगमंचाची चौकटच झाली! मधे मोठा मंच आणि बाजूला दोन विंगा. आम्हांला वेगळे नेपथ्य रचावेच लागले नाही. बांबूच्या चौकटींवर बारदान ताणून तीन कमानी केल्या, त्यांवर माती व चुना यांचा लेप दिला, कमानीच्या टोकाला पुठ्ठ्याची कळी लावली, आणि रंगमंच आपोआप दरबार झाला. इब्राहीमने १५९९ मध्ये विजापूरच्या पश्चिमेला नवरसपूर हे नवे शहर वसवायला घेतले. तेथल्या संगीत महालाचीही ठेवण गगनमहालासारखीच आहे. ते शहर पुरे झालेच नाही. १६२४ साली मलिक अंबरने ते उद्ध्वस्त केले.

‘नवरस’ या शब्दाचे इब्राहीमला वेड होते. शहर नवरसपूर, उत्सव नवरसाचा आणि ग्रंथाचे नाव ‘किताब-ए-नवरस’. हा ग्रंथ दख्खनी भाषेतल्या, रागांत बांधलेल्या गीतांचा आहे. त्यात सरस्वती आणि गणपती यांची स्तुती आहे, पैगंबरसाहेबांची आहे, आणि गुलबर्ग्याचे हजरत बंदेनवाज गेसूदराज यांचीही आहे. लोक या सुलतानाला ‘जगद्गुरू’ म्हणत. त्याच्या काही चित्रांत त्याच्या गळ्यात रुद्राक्षांची माळ आहे.

या माळेवरून तालमीत एक प्रसंग घडला. सुलतानाची भूमिका करणाऱ्या मुलाचे वडील एका संध्याकाळी शाळेत आले. त्यांनी जरा बाजूला घेऊन विचारले, “सर, आपल्या बादशहाच्या गळ्यात रुद्राक्ष? उद्या लोक मला विचारतील.” माणूस भांडायला आलेला नव्हता, मुलाची काळजी घेऊन आला होता. मी त्यांना चित्र दाखवले. त्यांनी ते बराच वेळ पाहिले. मग म्हणाले, “हे चित्र त्याच्याच वेळचे ना? नंतर कोणी काढलेले नाही ना?” मला सांगायला आनंद वाटतो, की आमच्या विषयात याहून योग्य प्रश्न नाही. मी म्हणालो, “त्याच्याच वेळचे.” ते म्हणाले, “मग असू द्या. जसे होते तसे दाखवा.” माळ राहिली.

हाच प्रश्न आम्ही चांदबीबीबद्दल स्वतःला विचारला, कारण इब्राहीम लहान असताना कारभार पाहणारी त्याची ही चुलती एका छोट्या प्रवेशात होती. घोड्यावर बसून, हातावर ससाणा घेऊन शिकारीला निघालेली चांदबीबी, चेहरा उघडा, हे चित्र आपण पुस्तकांत पाहतो. पण अशी चित्रे प्रामुख्याने अठराव्या शतकात, तिच्यानंतर शंभराहून अधिक वर्षांनी काढलेली आहेत. तेव्हा ती चांदबीबीच्या पोशाखाचा पुरावा म्हणून नव्हे, तर पुढच्या पिढ्यांनी तिला मनात कशी जपली याचा पुरावा म्हणून वाचावी लागतात. आम्ही तिला साधा जामा, सुरवार आणि ओढणी दिली. ससाणा मात्र ठेवला, कारण मुलींनी तो कागदाच्या लगद्याचा आधीच करून टाकला होता आणि फारच हुबेहूब झाला होता.

आता शिवणकामाकडे. आमच्या मोहल्ल्यातल्या एका दर्जी चाचांनी मजुरी न घेता हे काम अंगावर घेतले. त्यांचा पहिला प्रश्न, “घेर किती?” चित्रातला घेर पाहून त्यांनी डोक्याला हात लावला. एकेका जाम्याला पाच-सहा मीटर कापड लागले. मलमल परवडेना, म्हणून मांजरपाट सोडा घालून उकळला, धुतला, तेव्हा कोठे त्याचा ताठपणा गेला. पटक्यांसाठी मुलांच्या आयांनी जुन्या साड्यांचे जरीकाठ दिले. उरलेली वेलबुट्टी बटाट्याच्या ठशांनी सोनेरी रंगात उठवली. तिसऱ्या रांगेतून बटाटा आणि बुऱ्हाणपूरची जर यांत फरक कळत नाही, हे मी खात्रीने सांगू शकतो.

सुलतानाच्या अंगरख्यासाठी मात्र चाचांनी घरातून मशरूचा एक जुना तुकडा काढून आणला. मशरू हे कापड समजून घेण्यासारखे आहे. त्याची बाहेरची बाजू रेशमी असते आणि अंगाला लागणारी बाजू सुती. पुरुषांनी अंगाशी रेशीम नेसू नये, असा धर्मात दंडक. पण रेशमाची शोभा तर हवी. विणकरांनी मागच्या बाजूला सूत घालून दोन्ही गोष्टी साधल्या. मशरू या शब्दाचा अर्थच ‘धर्माला मान्य असलेले’ असा आहे. औरंगाबादचा हिमरूही रेशीम आणि सूत यांच्या मेळातूनच होतो. एवढी मोठी धार्मिक चर्चा कापडाच्या एका उलट्या बाजूत बसलेली असते, आणि आपण तिला ‘चकचकीत कापड’ म्हणून मोकळे होतो.

आता ज्या मुद्द्यासाठी हा सारा लेख लिहायला घेतला तो सांगतो. आमच्या प्रवेशात काही हिंदू सरदार होते. आदिलशाहीत मराठा सरदार आणि ब्राह्मण कारभारी मोठ्या संख्येने होते. शहाजीराजेही पुढे त्याच दरबारचे सरदार झाले. तालमीत एका मुलाने विचारले, “सर, मग हिंदू सरदार कसे ओळखायचे? त्यांना वेगळे कपडे नकोत का?” मी शोधायला बसलो. जामा तोच, पटका तोच, सुरवार तीच, शाल तीच. शेवटी एक फरक सापडला. अबुल फजलच्या ‘आईन-ए-अकबरी’त ‘तकौचिया’ नावाच्या हिंदुस्थानी अंगरख्याची हकीकत आहे. तो पूर्वी डाव्या अंगाला बांधत. बादशहाने त्याचा घेर गोल करवला आणि नाड्या उजव्या अंगाला घ्यायला लावल्या, असे तो लिहितो. पुढे मोगल चित्रांत मुसलमान उजव्या बगलेपाशी नाड्या बांधतात आणि हिंदू डाव्या. अभ्यासक आजही एखाद्या अनोळखी सरदाराचा धर्म ठरवताना याच खुणेकडे पाहतात. एका दरबारात शेजारी शेजारी उभ्या असलेल्या दोन माणसांच्या पोशाखात एवढाच काय तो फरक : नाडीची गाठ या बगलेत की त्या.

आम्ही दख्खनच्या दरबारातही ती रीत पाळली. चाचांनी तीन जाम्यांच्या नाड्या डावीकडे लावल्या. प्रयोगाच्या दिवशी ते कोणाच्याही लक्षात आले नाही.

‘आईन-ए-अकबरी’त आणखी एक गमतीची गोष्ट आहे. अकबराला कपड्यांना नवी नावे देण्याचा छंद होता. जाम्याला त्याने ‘सर्बगाती’ म्हटले, म्हणजे सर्व गात्रे झाकणारे. टोपीला ‘सीससोभा’, पटक्याला ‘कटजेब’, शालीला ‘परमनरम’, पायताणाला ‘चरनधरन’. फारसी बोलणाऱ्या दरबारातला बादशहा टोपीला सीससोभा म्हणतो, आणि आपण मराठी माणसे सुरवार, शाल, रुमाल, चादर, पोशाख हे फारसी वळणाचे शब्द रोज वापरतो. ज्या खोलीत राजांचे कपडे ठेवत तिला मराठीत जामदारखाना म्हणतात. त्या शब्दात जामा अजून बसलेला आहे. शिवछत्रपतींच्या आज्ञेने राज्यव्यवहारकोश तयार झाला आणि दरबारी फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देण्यात आले. शब्द बदलले, जामा अंगावर तसाच राहिला.

याचा सर्वांत बोलका दाखला खुद्द महाराजांच्या चित्राचा आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी पाठ्यपुस्तकांत आणि घरोघरी शिवाजी महाराजांचे म्हणून एक चित्र लावले जात असे. इतिहाससंशोधक वा. सी. बेंद्रे यांनी १९३३ च्या सुमारास दाखवून दिले, की ते चित्र महाराजांचे नसून इब्राहीमखान नावाच्या एका सरदाराचे आहे. आणि त्यांनी डच साधनांतून महाराजांचे अस्सल चित्र पुढे आणले. बेंद्र्यांचे हे उपकार मोठे आहेत. चूक कोणी केली हे उगाळण्यासाठी मी हे सांगत नाही. मला त्यात एक वेगळीच गोष्ट दिसते. महाराजांवर जीव टाकणाऱ्या, त्यांची चरित्रे तोंडपाठ असलेल्या लोकांनी ते चित्र वर्षानुवर्षे पाहिले, आणि पोशाखावरून कोणाला शंका आली नाही. शंका यावी असे त्या पोशाखात काही नव्हतेच. दुसरीकडे तेच लोक त्याच काळात नाटकगृहात बसून ‘खान’ लांबूनच ओळखत होते.

पोशाखाचा असा कसून विचार रंगभूमीवर कोणी केला नाही असे मात्र नाही. पुण्यात १९२५ साली एका अरब व्यापाऱ्याच्या घरी जन्मलेले आणि तेथेच शाळा शिकलेले इब्राहीम अल्काझी १९६२ ते १९७७ या काळात दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचे संचालक होते. त्यांनी १९६३ मध्ये ‘अंधा युग’ फिरोजशहा कोटल्याच्या भग्न भिंतींपुढे केले, आणि पुढे गिरीश कर्नाडांचे ‘तुघलक’ पुराना किल्ल्यात. म्हणजे रंगवलेला किल्ला नको, खरा किल्ला हवा. त्यांच्या नाटकांची वेशभूषा त्यांच्या पत्नी रोशन अल्काझी करीत. त्यांनी शिल्पे आणि चित्रे यांवरून प्राचीन आणि मध्ययुगीन भारतीय पोशाखांचा अभ्यास करून पुस्तके लिहिली. वस्त्र कसे गुंडाळायचे, कोठे खोचायचे हे त्यांत रेखाचित्रांनी दाखवले आहे. रोशनबाई २००७ मध्ये आणि अल्काझीसाहेब २०२० मध्ये निवर्तले. ज्या मुलामुलींना या कामाची आवड आहे त्यांनी ती पुस्तके मिळवून पाहावीत. कपडेपट म्हणजे दोऱ्या-टाचण्यांचे काम अशी आपली समजूत असते. त्यांच्या हाती तो संशोधनाचा विषय झाला.

प्रयोग कसा झाला हे मी सांगू नये. दोन ठिकाणी संवाद विसरले, एक कमान हलली. दिवे पिवळे ठेवले होते. मशाली आणि मेणबत्त्यांच्या काळातला दरबार ट्यूबलाइटखाली मांडायला मन घेईना. त्या उजेडात उकळलेला मांजरपाट खरोखर मलमलीसारखा दिसला. हुक्का दाखवायला इतिहासाची हरकत नव्हती, कारण असद बेग याने १६०४ च्या सुमारास विजापुरातूनच तंबाखू अकबराकडे नेली होती. पण शाळेच्या रंगमंचावर हुक्का नको, असे मुख्याध्यापकांचे मत पडले आणि ते मला पटले.

पडदा उघडला तेव्हा काय झाले, ते मात्र सांगतो. मी विंगेत उभा होतो. पुढच्या रांगेत नेहमीप्रमाणे लहान मुले होती. कमानीत पांढऱ्या जाम्यांतले सारे सरदार उभे, मधे सुलतान हातात तंबूर घेऊन. मुले ओरडली नाहीत. एकाने शेजारच्याला मोठ्याने विचारले, “यातला वाईट कोण आहे रे?” शेजारच्याने थोडा वेळ निरखून पाहिले आणि म्हणाला, “थांब, बोलू दे त्यांना.”

आता ते जामे शाळेच्या लोखंडी कपाटात कडुनिंबाचा पाला घालून ठेवले आहेत. यंदा नववीचा वर्ग प्रतापगडाचा प्रवेश करणार आहे. त्या भेटीच्या वेळी महाराजांबरोबर जे दहा अंगरक्षक होते त्यांत जिवा महाला होता, संभाजी कावजी होता आणि सिद्दी इब्राहीमही होता. सिद्दी इब्राहीमची भूमिका ज्याला मिळाली आहे तो मुलगा परवा कपाटापाशी येऊन उभा राहिला. त्याने विचारले, “सर, मला कोणते कपडे?” मी जिवा महालासाठी काढून ठेवलेल्या जाम्याच्या जोडीचा दुसरा जामा त्याच्या हाती दिला. चाचांना निरोप पाठवला आहे, की यापुढे प्रत्येक जाम्याला नाड्या दोन्ही बाजूंना शिवाव्यात.